संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काय नेसावे

एरवी मुंजीला किंवा सत्यनारायणाच्या पूजेला कोणी काळी साडी नेसून आले, तर घरातली वडीलधारी माणसे तोंडाने काही म्हणत नाहीत, पण त्यांची नजर म्हणायचे ते म्हणून जाते. जानेवारीच्या मध्याला मात्र हीच माणसे कपाटातली काळी साडी आपणहून काढून समोर ठेवतात. मकरसंक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला येते. आदल्या दिवशी भोगी, दुसऱ्या दिवशी किंक्रांत आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची आमंत्रणे. रंगाचा निकाल परंपरेने आधीच लावून दिलेला असल्यामुळे निवड सोपी वाटते. प्रत्यक्षात अडचण येते ती कापडात, ब्लाउजच्या शिलाईत आणि एका संध्याकाळी चार-पाच घरी जाऊन प्रत्येक ठिकाणी चपला काढून खाली बसण्यात. म्हणून या लेखात काळ्या रंगाचे कौतुक थोडे आणि या व्यवहाराचा विचार अधिक केला आहे.

सर्वप्रथम आमंत्रण नीट वाचावे आणि तारीख व वेळ पाहावी. रथसप्तमी माघ शुद्ध सप्तमीला असते, त्यामुळे हळदीकुंकवाचा मोसम दरवर्षी सारख्या लांबीचा नसतो. 2024 मध्ये रथसप्तमी 16 फेब्रुवारीला होती, तर 2026 मध्ये ती 25 जानेवारीलाच आली. मोसम लांबला तर शेवटच्या आमंत्रणांना थंडी सरलेली असते आणि जाड रेशमी साडीत जीव गुदमरतो. तो आखूड असला तर शिंप्याकडे सगळ्यांची एकदमच गर्दी होते. काळा रंग ऊब धरून ठेवतो म्हणून तो थंडीत वापरतात, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ते खरेही आहे. पण ही ऊब उन्हातून मिळते, दिवाणखान्यातल्या दिव्यांमधून नव्हे. संध्याकाळी सहानंतरच्या कार्यक्रमात काळी साडी आणि पांढरी साडी यांत उबेच्या दृष्टीने काहीच फरक राहत नाही. तिथे कापडाची जाडीच कामाला येते. पुण्यात किंवा नाशिकला जानेवारीतली रात्र चांगलीच गार असते, त्यामुळे रेशीम सुखाचे वाटते. मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत त्याच दिवसांत हवा दमट असते आणि दुपार 30 अंशांच्या आसपास जाते. तिथे दुपारी चारच्या आमंत्रणाला सुती किंवा हलक्या सुती-रेशमी मिश्रणाची साडी निवडणे शहाणपणाचे.

काळ्या साडीच्या परंपरेतले मूळ नाव चंद्रकळा. काळेभोर अंग आणि त्याला उठाव देणारे काठ, एवढीच तिची ओळख, आणि आजही निवड करताना ही ओळख लक्षात ठेवली तर चूक सहसा होत नाही. पैठणीच्या पारंपरिक रंगांतही कालीचंद्रकळा नावाचा एक रंग आहे, तो म्हणजे काळे अंग आणि लाल काठ. येवल्याची काळी पैठणी घरात असेल तर ती या दिवसांत जरूर बाहेर काढावी, मात्र ती कोणत्या कार्यक्रमाला नेसायची याचा विवेक हवा. नव्या सुनेचा पहिला सण, स्वतःच्या घरचे हळदीकुंकू किंवा मुलाचे बोरन्हाण यांना पैठणी शोभते. सोसायटीतल्या सात घरी फिरताना मात्र जरीचा जड पदर दर वेळी सावरावा लागतो आणि हातातले वाण सांभाळताना तो कशात तरी अडकतोच.

फिरतीच्या संध्याकाळी माझी पहिली पसंती इरकलीला आहे. उत्तर कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची ही साडी महाराष्ट्रात इतकी रुळलेली आहे की तिचे माहेर सीमेपलीकडचे आहे, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. तिचे अंग आणि पदर वेगवेगळ्या धाग्यांचे असतात आणि विणकर ते फासे गुंतवून एकमेकांना जोडतात. म्हणून काळ्या अंगाला लाल रेशमी पदर आणि त्यावर पांढरे पट्टे, हे तिचे खास रूप तयार होते. अंग सुती असेल तर निऱ्या नीट बसतात, घाम शोषला जातो आणि खाली मांडी घालून बसले तरी साडी फुगत नाही. तेलंगणातली नारायणपेठही याच गुणांची. बारीक चौकड्या आणि देवळाच्या कळसासारख्या टोकांचे काठ हे तिचे वैशिष्ट्य, आणि वजनाला ती हलकी. गेल्या काही वर्षांत खणाची साडी फार नेसली जाते. खण हे मुळात चोळीचे कापड, बागलकोट जिल्ह्यातल्याच गुळेदगुड्डचे, आणि त्याची पूर्ण साडी केली की ती अंगावर थोडी ताठ उभी राहते. सडपातळ बांध्याला ते छान दिसते. इतरांनी मात्र साध्या काळ्या साडीवर खणाचा ब्लाउज शिवून घेतला, तर खणाची शोभाही मिळते आणि ताठपणाचा त्रासही होत नाही.

काळी जॉर्जेट किंवा शिफॉन वर्षभर पार्टीला वापरली जाते, म्हणून ती इथेही चालेल असे वाटते. चालते, यात वाद नाही. पण बिनकाठाची आणि टिकल्यांची काळी साडी हळदीकुंकवाच्या घरात रात्रीच्या मेजवानीहून आल्यासारखी दिसते. घरात तेवढीच काळी साडी असेल, तर लाल, हिरवा किंवा मोरपिशी रंगाचा काठाचा ब्लाउज आणि मोत्यांचे दागिने यांनी तिला सणाचे रूप देता येते. काळे अजिबातच नको असेल तर गर्द निळा, बाटलीसारखा हिरवा किंवा जांभूळ रंग घ्यावा. कोणीही सुज्ञ यजमानीण त्यावर बोट ठेवणार नाही. एक बाब मात्र आधी विचारून घ्यावी. संक्रांत यंदा कोणत्या वाहनावर आणि कोणत्या रंगाचे वस्त्र नेसून येणार, हे पंचांगात दिलेले असते आणि काही घरांत तो रंग त्या वर्षी वर्ज्य मानतात. ते आपण मानत असू किंवा नसू, पण ज्यांच्या घरी जायचे त्या मानत असतील, तर नेमक्या त्याच रंगाचे काठ नेसून त्यांच्या सासूबाईंसमोर बसण्यात काही अर्थ नाही.

काळे विकत घेताना

काळ्या रंगाला फसवे म्हणतात ते उगीच नाही. दुकानातल्या दिव्यांखाली दोन काळी कापडे अगदी एकसारखी दिसतात आणि दाराबाहेरच्या उन्हात त्यातले एक तपकिरीकडे, तर दुसरे निळ्याकडे झुकते. म्हणून ब्लाउजचे कापड साडीशी जुळवताना दोन्ही घेऊन दुकानाच्या दाराशी यावे आणि दिवसाच्या उजेडात पाहावे. जुळत नसेल तर काळ्यावर काळा ब्लाउज घेण्याचा हट्ट सोडून काठाचा रंग घ्यावा. जवळपास जुळलेल्या दोन काळ्यांपेक्षा उघडपणे वेगळा असलेला रंग केव्हाही बरा दिसतो.

दुसरी परीक्षा रंग सुटण्याची. पांढरा सुती रुमाल ओला करून साडीच्या आतल्या टोकावर, म्हणजे जे टोक कमरेत खोचले जाते त्यावर, थोडा वेळ घासावा. रुमालावर किंचित करडी छटा आली तर पहिल्या वापराआधी साडी जाणकार धुलाईवाल्याकडे द्यावी. रुमाल काळाच झाला तर ती साडी घेऊच नये, कारण घामाने कमरेवर, परकरावर आणि यजमानिणीच्या सोफ्यावरही तिचा रंग उतरेल. रेशमाची खात्री करायची असेल तर सेंट्रल सिल्क बोर्डाच्या पुढाकाराने दिली जाणारी सिल्क मार्कची खूणचिठ्ठी पाहावी. जुनी साडी असेल, तर पदराच्या गोंड्यातला एखादा धागा काढून चिमट्यात धरून जाळता येतो. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी होते. ही परीक्षा अर्थातच दुकानदारासमोर करण्याची नाही.

ब्लाउज, परकर आणि फॉल

साडी आदल्या दिवशी घेतली तरी निभते, ब्लाउजचे तसे नाही. संक्रांतीच्या आधीचे दोन आठवडे शिंप्यांकडे श्वास घ्यायला सवड नसते, तेव्हा डिसेंबर संपण्याआधी कापड देऊन टाकावे. अस्तर सुतीच मागावे आणि ते आधी पाण्यातून काढलेले असावे, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटते आणि वरचे रेशीम चुण्या पडून बसते. हाच नियम फॉलला लागू आहे: न भिजवलेला सुती फॉल लावला की पहिल्या धुण्यानंतर निऱ्यांची खालची कड आवळल्यासारखी होते. ब्लाउजच्या शिवणीत दोन्ही बाजूंना थोडे जास्तीचे कापड ठेवायला सांगावे. काळी साडी वर्षातून एकदाच बाहेर पडते आणि पुढच्या वर्षी माप तेच राहील याची हमी कोणी देऊ नये. गळा आणि बाह्या ठरवताना हा कार्यक्रम वाकण्याचा आहे, हे ध्यानात ठेवावे. हळदीकुंकू लावताना, ओटी भरताना, खाली ठेवलेले वाण उचलताना, वयस्कर बाईंना नमस्कार करताना पुढे वाकावे लागते, आणि खोल गळ्याचा ब्लाउज अशा वेळी सगळी संध्याकाळ पदर आवळून धरायला लावतो.

परकर काळाच आणि सुती असावा. फिक्या रंगाचा परकर काळ्या पातळ साडीतून दिव्याखाली हटकून दिसतो. हल्ली परकराऐवजी अंगाला घट्ट बसणारा तयार प्रकार वापरतात. उभे राहण्याच्या समारंभाला तो ठीक आहे, पण त्यात मांडी घालता येत नाही आणि जुन्या घरांतून अजूनही सतरंजीवरच बसायचे असते.

नेसणे आणि चपला

मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते याविषयी. कोणत्याही समारंभाला साडी नेसताना आधी उंच टाचेच्या चपला घालाव्यात आणि मग निऱ्यांची उंची ठरवावी, असा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि लग्नाच्या हॉलसाठी तो बरोबरही आहे. हळदीकुंकवाला मात्र तो पूर्णपणे अंगाशी येतो, कारण प्रत्येक घराच्या दाराशी चपला निघतात. एका वर्षी मी या सल्ल्याप्रमाणे अडीच इंचांच्या टाचांना धरून साडी नेसले आणि पहिल्याच घरी चपला काढताच साडी तेवढीच अडीच इंच फरशीवर लोळू लागली; तिसऱ्या घरी उठताना निरीवर स्वतःचाच पाय पडला आणि हातातल्या वाटीभर तिळगुळासह मी यजमानिणीच्या अंगावर गेले. तेव्हापासून नियम एकच: साडी अनवाणी पायांच्या मापाने, घोट्याच्या हाडाला टेकेल एवढीच नेसावी आणि चपला सपाट घालाव्यात. त्या वाकल्याशिवाय काढता-घालता येतील अशा असाव्यात, त्यांना पट्टे-बक्कल नसावे, आणि शक्यतो आपल्या आपल्याला ओळखू येतील अशा असाव्यात, कारण दाराशी तीस जोड असतात आणि त्यातले निम्मे काळे असतात.

पदर खांद्यावर पिनेने लावताना ब्लाउजच्या आतून पिन घ्यावी आणि मध्ये कापडाची छोटी घडी किंवा मणी ठेवावा, म्हणजे जुन्या रेशमाला भोक पडत नाही. मोकळा पदर हातावर घेणे फोटोत सुंदर दिसते. पण एका हातात हळदीकुंकवाचे बोट, दुसऱ्या हातात तिळगूळ आणि काखेत वाणाची पिशवी अशी अवस्था असते, तेव्हा निऱ्या घालून लावलेला आटोपशीर पदरच उपयोगी पडतो. नऊवारी नेसायची असेल तर ती साडी सुमारे सव्वाआठ मीटर लांबीची असते आणि काष्ट्यामुळे चालणे-बसणे खरोखर सोपे होते, हे पहिल्यांदा नेसणाऱ्यांना आश्चर्याचे वाटते. शिवलेली तयार नऊवारी घेताना मात्र दुकानातच एकदा मांडी घालून बसून पाहावे. पुष्कळांची शिवण उभ्या माणसाच्या मापाने केलेली असते.

वाणासाठी साडीच्या रंगाची एक कापडी पिशवी जवळ ठेवावी. डबे, वाट्या, चाळण्या, कुंकवाच्या कुयऱ्या असे चार घरांचे वाण नाजूक पर्समध्ये मावत नाही, आणि भारी साडीबरोबर हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की केलेल्या सगळ्या तयारीवर पाणी पडते.

हलव्याचे आणि इतर दागिने

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला आणि जावयाला, तसेच बोरन्हाणाच्या वेळी लहान मुलांना हलव्याचे दागिने घालतात. पांढऱ्या काटेरी हलव्याला खरा उठाव काळ्या कापडावरच येतो, त्यामुळे या दिवशी साडीचे अंग जितके साधे, तितके दागिने खुलतात. बुट्ट्यांनी भरलेल्या साडीवर ते हरवतात. हलवा साखरेचा असल्यामुळे घाम आणि दमट हवा त्याला सोसत नाही. दागिने शेवटच्या क्षणी घालावेत, गळ्यातला हार ब्लाउजच्या कापडावर येईल असा ठेवावा, आणि त्वचेला टेकणाऱ्या बाजूला शक्यतो पातळ कापडी पट्टी लावून घ्यावी. अत्तर आणि गुलाबपाणी त्यांच्यापासून लांब राहू द्यावे. कार्यक्रम संपल्यावर ते लगेच कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात गेले नाहीत, तर सकाळपर्यंत मुंग्यांनी त्यांचा शोध लावलेला असतो.

इतरांनी मोती किंवा सोने यांपैकी एकालाच प्राधान्य द्यावे. काळ्यावर मोत्यांची नथ, तन्मणी आणि कुड्या फार देखण्या दिसतात. लाल काठांच्या इरकलीवर ठुशी पुरेशी होते. हिरव्या बांगड्या मात्र दोन्हींबरोबर शोभतात.

हळद, कुंकू, अत्तर

काळ्या साडीवर कुंकवापेक्षा हळद अधिक दिसते आणि अत्तराचा तेलकट डाग सर्वांत उशिरा लक्षात येतो. अत्तर मनगटाच्या आतल्या बाजूला लावून घ्यावे आणि ते जिरेपर्यंत पदराला हात लावू नये. हळद सांडली तर ती चोळू नये. कापड ताणून धरून मागच्या बाजूने टिचकी मारून ती झटकावी. घाईघाईने साबण लावण्याची चूक तर मुळीच करू नये, कारण हळदीला क्षार लागला की ती लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करण्याची पारंपरिक पद्धत याच गुणावर आधारलेली आहे, आणि तोच प्रयोग साडीच्या काठावर घडावा अशी आपली इच्छा नसते. सुती साडीवर फिकट डाग उरला तर धुतल्यावर उन्हात वाळवल्याने तो बराच उडतो, मात्र उन्हाने काळा रंगही विटतो, म्हणून डाग तेवढाच उन्हात ठेवून बाकीची साडी झाकावी. रेशमी साडी या फंदात न पडता धुलाईवाल्याकडे द्यावी आणि डाग कशाचा आहे ते त्याला सांगावे.

मुले, पुरुष आणि दूरदेशीचे पाहुणे

बोरन्हाणाच्या बाळासाठी काळे झबले सुती, आतून मऊ आणि पुढून उघडणारे असावे. डोक्यावर हलव्याचा मुकुट असताना गळ्यातून कपडा काढता येत नाही आणि बोरे, चुरमुरे, उसाचे करवे अंगावर पडल्यावर बाळ रडू लागले की कपडा क्षणात बदलावा लागतो. हलव्याचे सुटे दाणे बाळाच्या तोंडात जाणार नाहीत, याकडे एका माणसाने फक्त लक्ष द्यावे. पुरुषांसाठी काळा सुती किंवा रेशमी झब्बा आणि पांढरा पायजमा एवढे पुरते; काळ्यावर काळा पायजमा घातला की तो गणवेश वाटतो.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत हा कार्यक्रम बहुधा शनिवार-रविवारी हॉलमध्ये होतो. न्यू जर्सी किंवा टोरांटोला त्या वेळी बर्फ असते. तिथे परकराखाली उबदार अंगालगतचे कपडे घालावेत, साडीचा घोळ गाडीतून उतरेपर्यंत वर खोचून ठेवावा आणि सपाट चपला पिशवीतून न्याव्यात. सिडनी आणि मेलबर्नला जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, त्यामुळे थंडीसाठी काळे हे कारण तिथे उलटेच होते. तिकडच्या बायका काळ्या मलमलीची साडी नेसतात, हे मला फार समंजसपणाचे वाटते.

घरी परतल्यावर साडी त्याच रात्री घडी करून कपाटात टाकू नये. ती सावलीत रात्रभर पसरून ठेवावी, काठांतले कुंकू मऊ ब्रशने झटकावे आणि जरीची असेल तर सुती कापडात गुंडाळून, मागच्या वेळेपेक्षा वेगळ्या जागी घडी पाडून ठेवावी. ब्लाउज त्याच गुंडाळीत ठेवावा, म्हणजे पुढच्या डिसेंबरात तो शोधण्यासाठी सगळे कपाट उपसावे लागत नाही.